भोयर मॅडमची नापास गाडी

भोयर मॅडमच्या घरी चहाला गेलं की आधी बसायला जागा शोधावी लागायची. दिवाणावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर पिस्टन ओळीनं मांडलेले, टीपॉयवर तेलानं माखलेली साखळी, आणि भोयर काकांच्या हयातीत ज्या खुर्चीवर पाहुणे बसायचे तिच्यावर गाडीचा पुढचा दिवा, तारांसकट. "त्याले उचलून खाली ठेव अन् बस," मॅडम स्वयंपाकघरातून सांगायच्या, "पण पालथा नको ठेवजो, काच घासते." मी दिवा उचलायचा, खाली ठेवायचा, आणि निघताना न विसरता परत खुर्चीवर बसवायचा. चहा मात्र फर्मास असायचा.

सिंदी मेघेतल्या आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, त्यांचं घर माझ्या घराला लागून होतं. मी वीज कंपनीत. त्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. निम्म्या वर्धा जिल्ह्याला त्यांनी शिकवलं होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना एकदा तरी नापास केलं होतं. त्या पायी बाजारात निघाल्या की मोटारसायकलीवरची टक्कल पडलेली माणसं सिगरेट पाठीमागे लपवायची. उंची बेताची, केस चापूनचोपून बांधलेले, अंगावर सुती साडी आणि साडीवर कॉलेजातला निळा ॲप्रन. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ दिलं तेव्हा "हे राहू द्या, ॲप्रन घेऊन जातो," असं म्हणाल्या म्हणे. मला ते खरं वाटतं.

त्यांना दोन खोडी होत्या. पहिली, दिसेल त्या गोष्टीला मार्क देणं. माझ्या बायकोच्या पोह्यांना एकदा बासष्ट मिळाले आणि ती आठवडाभर फुगून बसली. मी म्हटलं, अगं, त्यांच्याकडे साठीच्या वर जाणं म्हणजे गंमत नाही, तेव्हा कुठे निवळली. दुसरी खोड वायवा घेण्याची, म्हणजे तोंडी परीक्षा. गॅसचं सिलिंडर आणणारा, नळाचा मीटर बघणारा, सत्यनारायण सांगायला आलेले गुरुजी, कोणी सुटायचा नाही. मी शेजारी राहायला आलो त्या दिवशी सामान उतरवत होतो. कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, "वीज कंपनीत हायेस म्हणे?" मी हो म्हटलं. "मंग सांग, अर्थिंग कायले करतात?" हातात गादी धरून मी उत्तर दिलं. "अर्धे मार्क," म्हणाल्या, "पण पोट्टा बरा दिसते." पस्तिशीच्या माणसाला पोट्टा म्हणणारं माणूस शेजारी मिळालं याचा मला त्या दिवशी राग आला होता, पुढे त्याची सवय झाली, आणि आता कोणी म्हणत नाही याचं वाईट वाटतं.

गाडीची कथा हिंगणघाटला सुरू होते. तिथल्या एका जिनिंगवाल्याचा मुलगा मॅडमचा विद्यार्थी. त्यानं हौसेनं परदेशी बनावटीची दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार घेतली आणि रेल्वेच्या पुलाखाली साचलेल्या पाण्यात बेधडक घातली. इंजिन पोटभर पाणी प्यालं आणि गेलं. मग ती गाडी जिनिंगच्या शेडमध्ये पडून राहिली, वर कापसाचा भुगा बसून लाल रंग पांढुरका झालेला. मॅडम कसल्याशा लग्नाला गेल्या असताना त्यांच्या नजरेस पडली. "भंगारात देतोस त्यापेक्षा मले दे," त्या म्हणाल्या. आपल्या मॅडमना नाही म्हणण्याची हिंमत त्याच्यात कॉलेजात असतानाही नव्हती.

तेच इंजिन दुरुस्त करावं असं कोणालाही वाटलं असतं. मॅडमना वाटलं नाही. "एवढी ऐटदार गाडी अन् आतमधे एवढंसं इंजिन," त्या मला म्हणाल्या, "कंपनीनं मांडी पैलवानाची देल्ली अन् काळीज सशाचं." नागपुरात अपघातात चेपलेली एक मोठी आलिशान गाडी त्यांनी हेरली. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन धडधाकट होतं. ते, त्याचा गिअरबॉक्स आणि त्याचा मेंदू असं सगळं टेम्पोत घालून त्या घरी आल्या. मेंदू म्हणजे ॲल्युमिनियमची चपटी डबी. किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे ती ठरवते. आरटीओतून इंजिन बदलायची परवानगी त्यांनी आधीच काढून ठेवली होती. खोड्या कितीही असल्या तरी बेकायदा काही करायचं नाही, हा त्यांचा दंडक होता. निदान तेव्हा तरी होता.

याच सुमारास अमोल आला. अमोल म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. काकांना जाऊन वर्ष झालं होतं आणि तो आईला न्यायला आला होता. मुलगा गुणी. दर रविवारी फोन करायचा, गोळ्या घेतल्या का विचारायचा. त्या दिवशी व्हरांड्यात बसून तो म्हणाला, "आई, इथं एकटी काऊन राह्यते तू? रात्री बीपी वाढलं तं कोण पाहीन?" मॅडमजवळ उत्तर होतं, पण ते मुलाला सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "हे काम हातात घेतलं हाये, ते पुरं होऊ दे. गाडी आरटीओत पास झाली का दुसऱ्या दिवशी बॅग भरतो. शब्द देतो तुले." अमोल हसत हसत गेला. त्याला वाटलं, चार महिन्यांचा प्रश्न आहे.

मॅडमनी शब्द दिला म्हणजे संपलं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. एक दिवस उशिरा जर्नल आणलं म्हणून त्यांनी सख्ख्या भाच्याला परीक्षेला बसू दिलं नव्हतं, आणि त्यापायी बहिणीशी अबोला पत्करला होता. गाडी पास झाली की त्या जाणार होत्या, आणि तिथंच सगळी मेख होती. मला त्यांनी एकदा डाग देता देता सांगितलं होतं. हातातली सोल्डरिंगची कांडी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "अमोलकडे मले काही कमी नाई पडत, दिनेश. पण तिथं मी अमोलची आई हावो. अकराव्या मजल्यावर, टीव्हीपुढं. इथं मी मॅडम हावो." मग पुन्हा कांडी उचलून कामाला लागल्या.

इंजिन बसवायला गजूभाऊ होते. आर्वी नाक्याकडे त्यांचं वेल्डिंगचं दुकान. मॅडमच्या हाताखाली शिकले नव्हते, म्हणून त्यांना घाबरत नव्हते. गाडीचं नाक आखूड आणि नवं इंजिन लांबलचक. तेवढं धूड दर वेळी साखळीनं उचलून आत सोडायचं, कुठं अडतं ते पाहायचं आणि परत काढायचं, यात गजूभाऊंची कंबर गेली असती. मॅडमनी तोड काढली. इंजिनाचं माप घेऊन त्याच आकाराचं लाकडी इंजिन करून घ्यायचं आणि ते घालून-काढून जागा ठरवायची. काम दिलं पवनारच्या एका सुताराला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो, पोरं लाकडी बैल सजवून ओढत आणतात. या सुतारानं जन्मभर ते बैलच घडवलेले. त्यानं इंजिन बनवलं सुरेख, शिसवी पॉलिश मारून. फक्त खाली चार चाकं बसवली आणि पुढं दोरी ओवायला भोक पाडलं.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"चाकं," सुतार म्हणाला. "नाईतर पोट्टे वढतीन कसे?"

मॅडमनी चाकं तशीच राहू दिली. तान्हा पोळा चार दिवसांवर आला होता. त्यांनी ले-आउटमधली पोरं गोळा केली आणि ते इंजिन त्यांच्या ताब्यात दिलं. पोरांनी त्याला झूल घातली, बाशिंग बांधलं, पुठ्ठ्याची शिंगं लावली आणि वाजतगाजत मैदानात नेलं. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे त्याच्यापुढे थबकले. "हा बैल कुठल्या जातीचा हो?" त्यांनी विचारलं. आमच्या समोरच्या घरातली मुलगी न अडखळता म्हणाली, "सहा सिलिंडरचा." उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मॅडमनी त्या उत्तराला एक्क्याण्णव मार्क दिले, मी ऐकलेले सर्वांत जास्त. दुसऱ्या दिवशी चाकं कापून इंजिन कामाला लावलं.

जोडणीनंतर आलं शिकवण्याचं काम. जुन्या मेंदूला नव्या घरचं काहीच ठाऊक नव्हतं. आपली आलिशान गाडी कुठे गेली, मागचा कॅमेरा कुठे गेला, मागच्या सीटवरचे साहेब कुठे गेले, असं तो सारखं विचारायचा आणि उत्तर मिळालं नाही की इंजिन बंद करून बसायचा. मॅडम लॅपटॉप लावून त्यातून एकेक आठवण पुसायच्या. "सासरी आल्यावर माहेरचं विसरा लागते बाबू," असं त्याला सांगताना मी त्यांना ऐकलं आहे.

एका दुपारी मॅडम नवा प्रोग्रॅम त्या मेंदूत भरत होत्या आणि वीज गेली. चार्जर बंद पडला, गाडीची बॅटरी म्हातारी, ती मधेच बसली, आणि मेंदू अर्धाच शिकून मुका झाला. तासाभरानं मॅडम आमच्या कार्यालयात. बिलांच्या रांगेला वळसा घालून थेट आत आल्या, नॅपकिनात गुंडाळलेली डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "तुह्या खात्यानं याचा जीव घेतला. पंचनामा कर."

आमचे अभियंता साहेब आवाज ऐकून केबिनबाहेर आले आणि आपोआप ताठ उभे राहिले. तेही जुने विद्यार्थी. "मॅडम, लाइनवर फांदी पडली होती," ते म्हणाले.

"फांदी पडली का लाइन काऊन ट्रिप होते, सांग."

साहेबांनी सांगायला सुरुवात केली. मधे एकदा अडखळले, घाम पुसला, पुन्हा सुरू केलं. रांगेतले ग्राहक बिल विसरून ऐकत होते. "पस्तीस," मॅडम म्हणाल्या, "तेव्हाही पस्तीसच होते." डबी उचलून त्या निघून गेल्या आणि पुढच्या काही दिवसांत त्यांनी ती उघडून, भिंगाखाली ठेवून, जिवंत केली. त्यानंतर मात्र प्रोग्रॅम भरताना शेजारच्या वाडीवरून ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणायच्या. आमच्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

तरीही गाडी आणि इंजिन एकमेकांशी बोलेनात. गाडीची काटे-दिव्यांची पाटी एका कंपनीची, इंजिन दुसऱ्या कंपनीचं, दोघांच्या भाषा वेगळ्या. मॅडमनी मधे एक छोटी सर्किटची पाटी स्वतः बनवून बसवली. इंजिन जे बोलेल ते गाडीच्या भाषेत सांगायचं, गाडी बोलेल ते इंजिनच्या भाषेत. तिला त्या दुभाषा म्हणायच्या. लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरणीत तिला बसवलं होतं, पाणी लागू नये म्हणून. सुरुवातीला दुभाषा फारच कच्चा होता. डावीकडचा दिवा लावला की काच पुसणारा दांडा हलायचा. ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. गजूभाऊ म्हणाले, "राहू द्या मॅडम, वर्धेत असंबी ब्रेकपेक्षा हॉर्नच जास्त दाबतात."

एक दिवस सगळं जमलं. इंजिन सुरू झालं आणि आमच्या घरातली भांडी मांडणीवर थरथरली. मॅडम गाडीत बसल्या. बसल्या म्हणजे काय, गाडी इतकी बुटकी आणि गुडघे इतके धरलेले, की आधी पाठ टेकवून पडायचं आणि मग पाय एकेक करून आत घ्यायचे. घरामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये त्यांनी दोन चकरा मारल्या. उतरताना गजूभाऊंनी हात दिला. मॅडमचा चेहरा लाल झाला होता. "किती मार्क, मॅडम?" मी विचारलं. त्या गाडीच्या टपावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. त्या वेळी त्यांच्या मनात अकरावा मजला आला असणार, कारण मला तरी तोच आठवला.

पहिल्या तपासणीला गाडी गजूभाऊंच्या टेम्पोमागच्या ट्रॉलीवरून नेली. मीही गेलो. तपासणीचे साहेब तरुण, मवाळ, आणि कामाला अगदी पद्धतशीर. ते प्रत्येक गाडीला एकाच क्रमानं तपासत. आधी हॉर्न, मग पुढच्या दिव्याचा वरचा उजेड, मग ब्रेक. मॅडमच्या गाडीचा त्यांनी हॉर्न वाजवला, उजेड पाहिला, ब्रेक दाबला, आणि समोरच्या पाटीवर पिवळा दिवा लागला. इंजिनात दोष असल्याचा दिवा. तो लागला की गाडी पास होत नाही. "अगं बाई," मॅडम म्हणाल्या, "हे काऊन झालं असंन?" साहेबांनी पुढची तारीख दिली. परतताना टेम्पोत मॅडम भजन गुणगुणत होत्या.

दुसऱ्या खेपेला अमोल रजा काढून आला होता. त्यानं फ्रिज रिकामा केला होता, दूधवाल्याला नको म्हणून सांगितलं होतं. साहेबांनी हॉर्न वाजवला, उजेड पाहिला, ब्रेक दाबला. दिवा लागला. अमोलचं तोंड उतरलं. मॅडमनी त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि इतक्या दुःखी आवाजात "जाऊ दे बेटा" म्हणाल्या, की मला संशय आला.

संशयाला कारण होतं. मागच्या प्लॉटमध्ये त्या रोज संध्याकाळी चकरा मारायच्या, आणि तो दिवा तिथं एकदाही लागला नव्हता. अमोल गेल्यावर मी कुंपणाशी उभं राहून हे बोलून दाखवलं. मॅडम भेंडी तोडत होत्या. त्यांनी उलट माझीच वायवा घेतली.

"दुभाष्याचं काम काय?"

"इकडचं तिकडे सांगणं."

"जसंच्या तसं?"

"हो."

"शून्य. चांगला दुभाषा पाहून सांगते, कोणाले काय अन् किती सांगाचं ते."

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना भेंडीची टोपली हातात घेऊन पोटभर हसल्या. हॉर्न, उजेड, ब्रेक, असा पाठोपाठ क्रम दिसला की इंजिन ठणठणीत असलं तरी पिवळा दिवा लाव, असं त्यांनी दुभाष्याला शिकवून ठेवलं होतं. रोजच्या चालवण्यात तो क्रम कोणाच्या हातून होत नाही. तो क्रम फक्त तपासणीच्या साहेबांचा. "यात खोटं काय हाये?" त्या म्हणाल्या, "गाडी पास झाली का जातो म्हटलं. झाली का पास?" मी त्यांना मनातल्या मनात शंभरपैकी शंभर दिले. बायकोलासुद्धा काही बोललो नाही.

तिसऱ्या तपासणीला अमोल पुन्हा आला. या वेळी कंटाळलेला, लॅपटॉप घेऊनच. हॉर्न, उजेड, ब्रेक, दिवा. सगळं ठरल्याप्रमाणे. पण या खेपेला साहेबांना मॅडमची दया आली आणि तिथं घोळ झाला.

"मॅडम," ते नरमाईनं म्हणाले, "मले दोष काही सापडून नाई राह्यला. पण हे शेवटी घरचं जोडकाम हाये. सगळी वायरिंग काढून एखाद्या मोठ्या वर्कशॉपमधून नव्यानं करून घ्या. या वयात तुमच्याच्यानं कसं होईन हे?"

मॅडम हळूहळू वळल्या. हा चेहरा मी आमच्या कार्यालयात पाहिला होता.

"माह्या वायरिंगमधे दोष नाई."

"मंग दिवा काऊन लागते, मॅडम?"

याचं खरं उत्तर त्यांना एकाच माणसासमोर देता येत नव्हतं, आणि तो माणूस त्यांच्या शेजारी उभा होता. मी त्यांच्या बाहीला हात लावला. "मॅडम, राहू द्या ना. तारीख घेऊ पुढची." "तू चूप बस दिनेश," त्या म्हणाल्या. "साहेब, तुम्ही चहा पिऊन या. आल्यावर पाहा."

आरटीओच्या मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली सिमेंटचा ओटा होता. त्यावर बसून त्यांनी आपला लॅपटॉप उघडला, गाडीतून तार ओढून घेतली आणि दुभाष्याला दिलेली शिकवण काढून टाकली. बोटं भराभर चालत होती. ओठ घट्ट मिटलेले. शेवटचं बटण दाबलं, नवा प्रोग्रॅम भरला गेला, आणि हात मांडीवर पडले. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. "आता पास होते," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की शेजारी बसूनही मला जेमतेम ऐकू आला.

अमोल त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसून सगळं पाहत होता. "आई, तोंड धुऊन ये," तो म्हणाला, "पाणी पी. घाम पाह्य किती आला." त्या उठल्या आणि नळाकडे गेल्या. चालताना ॲप्रनच्या खिशात हात घातले होते. अमोलनं लॅपटॉप मांडीवर घेतला. तो कुठेही बसला की ऑफिसचं काहीतरी करतच असायचा, म्हणून लॅपटॉप कोणाचा याकडे मी लक्ष दिलं नाही. मला मॅडमचं वाईट वाटत होतं, स्वतःचंही वाटत होतं.

साहेब परत आले. हॉर्न वाजवला. मॅडम ताठ उभ्या होत्या, निकाल ऐकायला उभं राहावं तशा. उजेड पाहिला. त्यांनी डोळे मिटले. साहेबांनी ब्रेक दाबला.

पिवळा दिवा लागला.

मॅडमनी डोळे उघडले आणि त्या दिव्याकडे बघतच राहिल्या. साहेबांनी उसासा टाकला, पुढच्या महिन्याची तारीख दिली आणि दुसऱ्या गाडीकडे गेले. मॅडमनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी नाही. मग त्यांनी अमोलकडे पाहिलं. अमोल कडुनिंबाकडे पाहत होता.

"अमोल," त्यांनी वर्गातल्या आवाजात हाक मारली. "काय केलं तू त्यात?"

"तू जे पुसलं ते पाह्यलं म्या," तो म्हणाला. "परत टाकून देल्लं."

"काऊन?"

"पास होते म्हणाली तेव्हा तोंड पाह्यलं तुह्यं. बाबा गेले तेव्हाही असं नव्हतं झालं." त्यानं लॅपटॉप बंद केला. "मले सांगाचं ना, आई."

"शब्द देल्ला होता."

"मंग शब्द तं पाळूनच राह्यली तू. गाडीच पास होऊन नाई राह्यली, तं तू काय करशीन?"

मॅडमनी ॲप्रनच्या टोकानं नाक पुसलं. बराच वेळ पुसलं. मी उगाच गजूभाऊंना ट्रॉलीच्या दोऱ्या आवळायला मदत करायला गेलो. मागून त्यांचा आवाज आला. "घाईत टाकलं तू. इंजिन बंद केल्यावर दिवा विझवाची सोय कुठी हाये?" अमोलनं काहीतरी उत्तर दिलं आणि दोघं ओट्यावर लॅपटॉपवर वाकली. साहेबांनी तपासलेल्या दोन-तीन गाड्या निघून गेल्या तरी त्यांचं बोलणं संपेना.

पुढच्या वर्षी माझी बदली चंद्रपूरला झाली. सामानाचा ट्रक पुढे गेला होता आणि मी निरोप घ्यायला गेलो. हाक मारली तर उत्तर आलं घरामागून. मॅडम गाडीत पडल्यासारख्या बसल्या होत्या, दार उघडं, एक पाय बाहेर. स्टिअरिंगला फोन टेकवलेला आणि त्यात अमोल, समोर जेवणाचं ताट घेऊन. पूर्वी रविवारी पाच मिनिटं यायचा तो फोन आता रोज यायचा आणि तासभर चालायचा. त्यात गोळ्यांची चौकशी एखाद्या वाक्यात उरकायची आणि बाकी सगळा वेळ दुभाष्यावरून भांडण.

मी पाया पडायला वाकलो. गाडी बुटकी, त्यामुळे जवळजवळ मातीवरच बसावं लागलं. त्यांनी तेलकट हात माझ्या डोक्यावर ठेवला. "चंद्रपूरले उन्हाळ्यात लोड किती वाढते, वाचून जाजो," म्हणाल्या, "फोनवर विचारीन."

मी गेटपर्यंत पोचलो असेन नसेन, मागून अमोलचा आवाज आला, फोनमधला, जरा घाईचा. "आई, साहेबानं आता क्रम बदलवला तं? पहिले ब्रेक दाबला तं?"

मी थांबलो. मॅडमना बहुतेक माझी पावलं थांबल्याचं कळलं असावं.

"हळू बोल," त्या म्हणाल्या, "वीजवाला अजून गेला नाई. अन् मले दुधखुळी समजून राह्यला का तू? उलट्या क्रमाचंबी टाकून ठेवलं हाये."